पेरलेलं गवत

१९७२ च्या दुष्काळात मी सहावीत होतो. आमचा पारनेर तालुका एरवीही कमी पावसाचाच, त्या साली तर विहिरींनी तळ दाखवला. माणसांसाठी सरकारनं कामं काढली. आई-दादा खडी फोडायला जात. रेशनवर तांबडी मिलो मिळे, आम्हा पोरांना सुकडी. अशाच कामांतून पुढं १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला. हे सगळं पुस्तकांत आहे. दावणीचं मात्र कुणी फारसं लिहीत नाही. आमचा कडबा संपला, मग छपराचं पाचट उपसून बैलांना घातलं. शेवटी दादा ढवळ्याला बाजारात घेऊन गेले. रिकामं दावं खांद्यावर टाकून परत आले ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत.

१९७३ ला पाऊस झाला. दिवाळीनंतर डोंगराच्या उतारावर पवन्या पिकला, तसं दादांनी मला आणि आजीला बी गोळा करायला नेलं. मला वाटलं, आता लगेच पेरायचं. आजी म्हणाली, "ताजं बी उगवत न्हाई बाबा. उन्हाळा खाऊ दे त्याला." पोतं आढ्याला टांगलं.

पुढच्या जूनच्या तोंडाला दीड एकर बरड त्या गवताला दिली. हे बी कुसळाचं, हलकं. पाभरीच्या चाड्यातच तटतं, मुठीनं फेकावं तर वाऱ्यावर जातं. म्हणून चाळलेलं शेणखत आणि माती कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या वळल्या. त्या हातानं टाकायच्या, वरून नुसती बाभळीची फांदी ओढायची. खोल गेलं की बी मेलंच. बांधावरून चुलते हसले, "आरं, आपण जलमभर गवत खुरपून काढतो, अन् तू पेरतोस व्हय?"

पहिल्या वर्षी विरळच उगवलं. शाळेतून आलो की राखण माझ्याकडं. एकदा डोळा लागला आणि आमच्याच शेळ्या आत घुसल्या. दादांनी मारलं नाही. त्या रात्री जेवले नाहीत, एवढंच.

दुसऱ्या वर्षी गवत कमरेला लागलं. बी झडल्याशिवाय दादांनी विळा लावू दिला नाही. गंजी रचून झाली, मग बाजारातून बैल आणला. त्याचंही नाव ढवळ्याच ठेवलं. रंगानं तो तांबडा होता.