न्यूरो नर्सिंग म्हणजे काय? मेंदूच्या रुग्णासाठी नर्सचे विशेष शिक्षण का महत्त्वाचे असते

घरातल्या कुणाला पक्षाघाताचा झटका आला, डोक्याला मार लागला किंवा मेंदूची शस्त्रक्रिया झाली, की नातेवाइकांचे सगळे लक्ष डॉक्टरांच्या राउंडकडे लागलेले असते. न्यूरॉलॉजिस्ट किंवा न्यूरोसर्जन दिवसातून काही वेळा येऊन तपासून जातात. बाकीचे तास रुग्णाजवळ नर्स असते. मेंदूच्या आजारात तब्येत बिघडायला लागली की पहिल्या खुणा बऱ्याचदा तिलाच दिसतात. त्या ओळखण्याचे वेगळे शिक्षण असते. ते काय आहे आणि तुमच्या रुग्णाला त्याचा काय फायदा होतो, हे या लेखात समजून घेऊ.

वेगळे प्रशिक्षण कशासाठी?

मेंदूला सूज आली किंवा आत रक्तस्राव वाढू लागला, तरी मॉनिटरवरचे नाडीचे आणि ऑक्सिजनचे आकडे बराच वेळ ठीक दिसू शकतात. बदल दिसतो तो रुग्णाच्या वागण्यात. सकाळी स्वतःचे नाव सांगणारा रुग्ण दुपारी नुसता पुटपुटतो. एका डोळ्याची बाहुली दुसरीपेक्षा मोठी दिसते. घरच्यांना वाटते, "दमलेत, झोपू द्या." न्यूरो नर्स मात्र त्यांना उठवून पाहते.

यासाठी ती ग्लासगो कोमा स्केल वापरते. ग्रॅहम टीझडेल आणि ब्रायन जेनेट या डॉक्टरांनी ही पद्धत १९७४ मध्ये मांडली. यात तीन गोष्टींना गुण देतात:

- डोळे उघडणे: जास्तीत जास्त ४
- बोलणे: जास्तीत जास्त ५
- हातापायांची हालचाल: जास्तीत जास्त ६

पूर्ण शुद्धीवर असलेल्या माणसाचा गुणांक १५ असतो, तर सर्वांत कमी गुणांक ३. एका वेळच्या आकड्यापेक्षा तो वर चालला आहे की खाली, हे जास्त महत्त्वाचे. गुणांक दोनने घसरला, तर डॉक्टरांना ताबडतोब बोलावले जाते. रात्री रुग्णाला पुन्हा पुन्हा का उठवतात, याचे उत्तर इथे आहे.

पक्षाघातात लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत, योग्य रुग्णाला गुठळी विरघळवणारे इंजेक्शन देता येते. त्यानंतर मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका असतो. म्हणून पहिले २ तास दर १५ मिनिटांनी, पुढचे ६ तास दर अर्ध्या तासाने आणि मग २४ तास पूर्ण होईपर्यंत दर तासाला रक्तदाब आणि मेंदूची स्थिती तपासतात. रक्तदाब १८०/१०५ च्या खाली ठेवावा लागतो. हे सगळे काम मुख्यतः नर्स करते.

नर्सच्या काळजीने किती फरक पडतो?

ऑस्ट्रेलियातील १९ स्ट्रोक युनिटमध्ये झालेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात काही युनिटमधल्या नर्सना तीनच गोष्टी काटेकोरपणे करायला शिकवले होते: ताप लगेच आटोक्यात आणणे, रक्तातली साखर सांभाळणे आणि तोंडाने काही देण्यापूर्वी रुग्णाला नीट गिळता येते का, हे तपासणे. तीन महिन्यांनी मृत्यू झालेल्या किंवा दुसऱ्यावर अवलंबून राहिलेल्या रुग्णांचे प्रमाण इतर युनिटमध्ये ५८ टक्के होते. या युनिटमध्ये ते ४२ टक्के होते. नवीन औषध नाही, महागडे यंत्र नाही. फरक पडला तो शिकवलेल्या काळजीमुळे.

हे शिक्षण कसे होते?

- पाया: जीएनएम (३ वर्षे) किंवा बीएससी नर्सिंग (४ वर्षे). त्यानंतर राज्याच्या परिषदेकडे नोंदणी. आपल्याकडे महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे.
- न्यूरो नर्सिंगचा पदविका अभ्यासक्रम: नोंदणी झालेल्या आणि कामाचा अनुभव असलेल्या नर्ससाठी १ वर्षाचा. यात न्यूरो आयसीयू आणि वॉर्डमधील प्रत्यक्ष कामावर भर असतो.
- एमएससी नर्सिंग: २ वर्षे. मेडिकल सर्जिकल नर्सिंग या शाखेत न्यूरोसायन्स हा विशेष विषय घेता येतो. या नर्स पुढे वॉर्डची जबाबदारी, अध्यापन आणि संशोधनही करतात.

बंगळुरूचे निम्हान्स, तिरुअनंतपुरमचे श्री चित्रा तिरुनल इन्स्टिट्यूट आणि दिल्लीचे एम्स या संस्था न्यूरो नर्सिंगच्या शिक्षणासाठी ओळखल्या जातात. तुमच्या घरात कुणी नर्स असेल आणि तिला या क्षेत्रात जायचे असेल, तर आधी न्यूरो वॉर्डमध्ये किंवा आयसीयूत काम करून पाहणे चांगले. प्रवेश घेताना अभ्यासक्रमाला मान्यता आहे याची खात्री करावी.

प्रत्येक वॉर्डात अशी नर्स असते का?

नाही. पदविका किंवा एमएससी केलेल्या नर्स प्रामुख्याने मोठ्या रुग्णालयांत भेटतात. पण अनेक अनुभवी सिस्टर आणि ब्रदर वर्षानुवर्षे न्यूरो आयसीयूत काम करून तयार झालेले असतात. त्यामुळे पदवीबद्दल विचारण्यापेक्षा असे विचारा:

- "रुग्णाची शुद्ध किती वेळाने तपासता? कालपेक्षा आज काय फरक आहे?"
- "गिळण्याची तपासणी झाली का?"
- "रात्री तब्येत बिघडली तर कोणत्या डॉक्टरांना बोलावता?"

तुम्ही काय करावे, काय टाळावे

- नर्सने परवानगी देईपर्यंत तोंडाने काहीही देऊ नका. "घोटभर पाणी" सुद्धा श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. तहान लागली असे रुग्ण सांगत असेल, तर ओठ ओले करता येतील का, हे नर्सला विचारा.
- रुग्णाचा नेहमीचा स्वभाव, बोलण्याची भाषा, आधीपासूनचे अधूपण आणि चालू औषधे नर्सला सांगा. फक्त मालवणी किंवा अहिराणी बोलणाऱ्या आजींना हिंदीत प्रश्न विचारले, तर त्या गोंधळल्यासारख्या वाटू शकतात.
- "आज काहीतरी वेगळे वाटतेय" असे वाटले, तर संकोच न करता लगेच सांगा.
- दुबळा हात धरून रुग्णाला ओढू किंवा उठवू नका. खांदा निखळू शकतो.

घरी जाण्यापूर्वी शिकून घ्या

डिस्चार्जच्या दिवशी घाईत सगळे शिकणे जमत नाही. दोन-तीन दिवस आधीपासून नर्सच्या देखरेखीखाली स्वतः करून पाहा: नाकातल्या नळीने अन्न देणे (रुग्णाला टेकवून बसवूनच, आणि नंतर किमान अर्धा तास तसेच ठेवून), साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, पाठीची आणि टाचांची त्वचा रोज पाहणे, लघवीच्या नळीची स्वच्छता.

घरी ब्यूरोमार्फत कुणाला ठेवणार असाल, तर ती व्यक्ती नोंदणीकृत नर्स आहे की मदतनीस, हे स्पष्ट विचारा. दोघांचीही मदत मोलाची असते. पण नळी बदलणे किंवा इंजेक्शन देणे हे मदतनिसाचे काम नाही.

ताबडतोब १०८ वर फोन करा

- चेहरा वाकडा होणे, हात किंवा पाय अचानक लुळा पडणे, बोलणे अडखळणे
- फिट ५ मिनिटांपेक्षा जास्त चालणे, किंवा शुद्धीवर येण्याआधीच पुन्हा येणे
- रुग्ण नेहमीसारखा जागा न होणे
- अचानक असह्य डोकेदुखी, सोबत उलटी

लक्षणे किती वाजता सुरू झाली, किंवा रुग्ण शेवटचा ठीक कधी होता, ती वेळ लिहून ठेवा. रुग्णालयात पोहोचल्यावर सर्वांत आधी तुम्हाला हेच विचारले जाईल.