मापाच्या वहीतली गीतमाला

तारीख १९ जानेवारी १९८३, वार बुधवार. वणी-नांदुरी करत आलेल्या लाल गाडीतून तुम्ही कळवणला उतरता तेव्हा साडेसात होऊन गेलेत. थंडीने कान बधिर झालेत. मोबाइल खिशात तळाला दाबून ठेवा. इथे तो घड्याळापलीकडे उपयोगाचा नाही, आणि बाहेर काढलात तर पोरं गोळा होतील ती वेगळीच. स्टँडवरून गावात शिरा. शिलाई मशीनचा खडखडाट आणि रेडिओची खरखर जिथे एकत्र कानी पडेल, ते दुकान आपलं.

आत आठ-दहा पोरं दाटीवाटीने बसलीत. कुणी इस्त्रीच्या टेबलावर, कुणी चिंध्यांच्या ढिगावर. दिवसभर उन्हाळ कांद्याची लागण करून कंबरा मोडल्यात, नखांत वाफ्यातला चिखल तसाच आहे. भाकर खाऊन पांघरुणात शिरायचं सोडून ही मंडळी इथे का, असं विचारू नका. बुधवारी रात्री आठला रेडिओवर बिनाका गीतमाला असते.

दुकानमालकांना सगळे नाना म्हणतात. नाना एका बिनबाह्यांच्या जाकिटावर चंदेरी टिकल्या टाचतायत. गिऱ्हाईक समोरच बसलंय. भावाच्या वरातीत त्याला मिथुन व्हायचंय. जाकीट मूळचं बापाच्या कोटाचं. बाह्या काल उतरवल्या, बापाला अजून पत्ता नाही.

आठ वाजतात. खरखरीतून निवेदक अमीन सयानींचा आवाज वर येतो. हा आवाज मुंबईत टेपवर भरला गेला, टेप कोलंबोला गेली आणि रेडिओ सिलोनच्या शॉर्टवेव्हवरून तो आता समुद्र ओलांडून सह्याद्रीच्या या कुशीत पोचतोय. मध्येच बारीक होतो. बारीक झाला की एक जण पळत बाहेर जातो आणि पत्र्यावरची तार हाताने धरून उभा राहतो. एकदा तुम्हालाही पाठवतील. जा. तार बर्फासारखी गार असते, पण आतून "आलं, आलं, तसेच उभे राहा" अशी आरोळी ऐकू आली की गंमत वाटते.

गाणी सोळाव्या पायदानापासून वर चढू लागतात. पोरांचं निम्मं लक्ष मात्र नानांच्या मापाच्या वहीत आहे. शेवटच्या पानावर कुणाच्या तरी 'छाती ३६, कंबर ३०'च्या खाली पेन्सिलीने लिहिलंय: बप्पी डिस्को. त्याखाली बप्पी लाहिरींची दहा गाणी. दर बुधवारी ही यादी खोडली जाते, भांडून भांडून पुन्हा लिहिली जाते.

वेगळ्या यादीची गरज का पडली, याला कारण आहे. सयानींची क्रमवारी ठरते ती रेकॉर्डच्या दुकानांतली विक्री आणि श्रोता संघांची पत्रं यांवर. इथे बसलेल्यांपैकी एकाच्याही घरी रेकॉर्ड प्लेअर नाही. पंधरा पैशांचं पोस्टकार्ड टाकायचं तर झुमरीतलैयावाले आधीच पोतंभर टाकून मोकळे. शिवाय जुना राग आहे. १९८० साली 'कुर्बानी' आली, 'आप जैसा कोई' गाणारी नाझिया हसन तेव्हा जेमतेम पंधराची. पोरं येडी झाली होती. आणि वर्षअखेरीला पहिलं काय आलं? 'डफलीवाले'. पुढच्या वर्षी 'मेरे अंगने में'. डफली आणि अंगण! मला विचाराल तर सयानींच्या हिशेबात खोट नव्हती, देशाला खरोखरच डफली जास्त आवडत होती. पण चाहत्याला देशाशी काय देणंघेणं?

आजचं भांडण 'हरी ओम हरी' आणि 'आय ॲम अ डिस्को डान्सर' यांच्यात आहे. 'डिस्को डान्सर' सिनेमा १० डिसेंबरला लागला. नाशिकला जाऊन तो पाहून आलेला इथे एकच जण, त्यामुळे सध्या त्याचा शब्द म्हणजे निकाल. 'आय ॲम अ डिस्को डान्सर'मध्ये डिस्कोचं एकेक इंग्रजी अक्षर सुटं सुटं येतं; दहावीला इंग्रजीत दोनदा गचकलेला तेवढं स्पेलिंग छातीठोकपणे सांगतो. दुसरा म्हणतो, 'गोरों की ना कालों की' वर घ्या, सुरेश वाडकर आणि उषा मंगेशकर, आपली माणसं आहेत. "तुले काय समजस रे भो," पलीकडून उत्तर येतं, "माणसं पाहून नंबर देतस का?"

मग बँडवाल्याची साक्ष निघते, कारण गाणं वरातीत वाजलं नाही तर त्याला नंबर देऊन उपयोग काय? 'हरी ओम हरी' क्लॅरिनेटवर सुटतं. 'कोई यहाँ नाचे'त मात्र मागच्या बायकांचे ते चिरके हुंकार ट्रम्पेटवर काढताना गाल फुटायची पाळी येते. म्हणून ते चौथं. उषा उथुप यांच्यावर हा अन्याय आहे, पण चौथं.

कोपऱ्यात एक मुलगा अजून बोललेला नाही. गडाकडच्या पाड्यावरचा, पावरी वाजवणारा. डोंगऱ्यादेवाचा उत्सव नुकताच उरकलाय, रात्र-रात्र फेर धरून नाचल्याचा शीण अजून त्याच्या डोळ्यांत आहे. तो बोटांनी टेबलावर ठोकायला लागतो. धम, धम, धम, धम. चारही ठोके सारख्याच जोराचे. नीट ऐका, कारण डिस्कोची सगळी करामत एवढीच आहे. केरवा तालात जोर इकडून तिकडे झुलतो, एखादी जागा मोकळी सुटते. इथे मोकळं काही नाही. मिनिटाला एकशेवीसच्या आसपास ठोके, आणि प्रत्येक ठोक्याला खाली मोठा ढोल. "पावरी मधी थांबली तं पाय थांबता," तो म्हणतो, "हे थांबतच नाही. 'रंबा हो' पहिलं." कुणीच काही बोलत नाही. नाचायला उतरला की हा सगळ्यांना पुरून उरतो, हे ठाऊक आहे. खोडरबर फिरतो.

तुमच्या जिभेवर एव्हाना बरंच काही आलं असेल. 'हरी ओम हरी'ची चाल इरप्शन नावाच्या बँडच्या 'वन वे तिकीट'वरून उचललेली आहे. 'कोई यहाँ नाचे'चं मूळ बगल्सच्या १९७९ सालच्या गाण्यात आहे, आणि त्या गाण्याचा विषय काय, तर व्हिडिओ आला आणि रेडिओचा गायक संपला. ती चाल इथे रेडिओला कान लावून ऐकली जातेय. काही वर्षांत गावोगाव भाड्याचा व्हिडिओ येईल आणि हीच पोरं रात्रभर तीन-तीन सिनेमे बघत बसतील. 'जिमी जिमी' सोव्हिएत रशियात जाऊन धुमाकूळ घालेल, आणि २०२२ साली चिनी माणसं टाळेबंदीत रिकामी भांडी दाखवत त्याच सुरावर तांदूळ मागतील. त्याच वर्षी १५ फेब्रुवारीला बप्पीदा जातील.

यातलं काही सांगू नका. चाल उचललेली आहे म्हणालात तरी यादी हलणार नाही. बँडवाला तरी चाल कुठून आणतो?

पहिल्या पायदानाचं बिगुल वाजतं. मग अचानक सगळ्या माना तुमच्याकडे वळतात.

"पाव्हना, तुमचा पयला नंबर कोनता?"

तुम्ही 'याद आ रहा है' म्हणता. ते बप्पी लाहिरींनी स्वतः गायलंय, असंही वर जोडता.

"ते रडकं? त्याच्यावर वरात पुढं सरकंल का?"

"लिहा रे त्यांचं," नाना दाताने दोरा तोडत म्हणतात. "अकरावं."

"पान संपलं, नाना."

"मग वरचं माप खोडा. छत्तीस छातीवाला पैसे बुडवून गेलाय."