पावले मोजणाऱ्या मार्गारेटबाई

घर बांधायचे ठरले की दिवाणखान्याची चर्चा चार दिवस चालते आणि स्वयंपाकघर उरल्या जागेत बसवतात. आमच्याकडे तसेच झाले. मोरी एका टोकाला, ओटा दुसऱ्या, डब्यांची फळी भलतीकडेच. म्हणून व्हिएन्नाच्या मार्गारेट लिहोत्स्की यांची हकिगत वाचनात आली, ती तुम्हांस सांगावीशी वाटते.

त्यांचा जन्म १८९७ चा. १९१५ साली त्या तेथील कलाशाळेत दाखल झाल्या व वास्तुशिल्प शिकू लागल्या. बाईकडून कोणी घर बांधून घेईल, हे घरच्यांनाही खरे वाटत नव्हते. १९१७ साली कामगारांच्या घरांच्या नकाशांची चढाओढ निघाली. गुरू ऑस्कर स्ट्रनाड म्हणाले, आधी ती माणसे कशी राहतात ते पाहून या, मग रेघ ओढा. त्या वस्तीत गेल्या, दाटीवाटीने राहणारी कुटुंबे पाहिली, आणि बक्षीस मिळविले. महायुद्धानंतर बेघरांच्या वसाहतींसाठी त्यांनी काम केले. १९२४ साली क्षयाने गाठले, त्यातूनही उठल्या.

१९२६ साली अर्न्स्ट माय यांनी त्यांना जर्मनीत फ्रँकफुर्टला बोलावले. तेथे हजारो स्वस्त घरे बांधायची होती. बाईंनी घड्याळ लावून कामाचा वेळ मोजला, आगगाडीच्या भोजनडब्यातले इवलेसे स्वयंपाकघर नजरेपुढे ठेवले, आणि सुमारे १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब अशी खोली आखली. खिडकीशी भाजी चिरायचा ओटा, त्यातच कचऱ्याचा खण; बसून काम करायला फिरते स्टूल; भिंतीला मिटून ठेवायची इस्त्रीची फळी; तांदूळ, साखर यांना ओतायच्या चोचीचे अॅल्युमिनियमचे डबे. पिठाचा खण मात्र ओक लाकडाचा, कीड लागू नये म्हणून. (सासूबाई तांदळात कडुलिंबाचा पाला घालीत, ते आठवले.) अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बसली.

गंमत अशी, की तोवर आपण स्वतः कधी स्वयंपाक केलाच नव्हता, असे त्या पुढे सांगत! मला ते खटकले, पण विचार केला. आम्ही रोज रांधणाऱ्यांनी तरी कधी पावले मोजली? बाईच्या श्रमाला मोजण्याजोगे काम म्हटले, याचेच मला अप्रूप.

तरी एक तक्रार आहे. त्या खोलीत एकटीच बाई मावे. शेजारीण शेंगा सोलायला बसणार कुठे? तेथल्या बायकांनाही जागा अपुरी वाटली म्हणतात.

पुढे १९३८ साली त्या इस्तंबूलच्या कलाशाळेत शिकवू लागल्या. हिटलरच्या राजवटीविरुद्ध काम केल्याबद्दल १९४१ साली पकडल्या गेल्या, सुटका १९४५ साली. २००० साली वारल्या तेव्हा १०३ व्या वाढदिवसाला पाच दिवस उरले होते.

हे वाचल्यावर मी चहा करताना पावले मोजली. सव्वीस झाली. दुसऱ्याच दिवशी सुतार बोलावून डब्यांची फळी शेगडीजवळ घेतली. मोरी काही हलत नाही.