शुल्क भरलं, नाव राहिलं

वास्तुकला परिषदेच्या नोंदवहीत नाव टिकवायचं, तर आर्किटेक्टला नूतनीकरणाचं शुल्क भरावं लागतं. मुदत चुकली तर निबंधक नाव काढून टाकतो. पैसे भरले की ते पुन्हा चढवता येतं. १९७२च्या आर्किटेक्ट्स अॅक्टचं २७वं कलम ते एवढंच. दरम्यान त्या माणसाने नवीन काय शिकून घेतलं, हे कलम विचारत नाही.

मुंबईत परवान्याची कल्पना याहून बरीच जुनी आहे. १८८८च्या पालिका कायद्याने आयुक्तांना सर्व्हेअर आणि प्लंबर यांना परवाने देण्याचा अधिकार दिला. तिथे परवाना कामाशी बांधलेला होता. आर्किटेक्ट मंडळींची वाट वेगळी होती. जे.जे. कला विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांनी १९१७ साली संघटना काढली. गेटवे ऑफ इंडियाचे वास्तुकार जॉर्ज विटेट तिचे पहिले अध्यक्ष. त्यातूनच १९२९ मध्ये ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ उभी राहिली. तिकडे ब्रिटनने १९३१ साली नोंदणीचा कायदा केला आणि १९३८ साली ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद नोंदणीकृतांपुरतं राखून ठेवलं. आपला कायदा याच वळणाचा.

तो यावा म्हणून झटले ते पिलू मोदी. स्वतः आर्किटेक्ट, खासदार आणि पुढे परिषदेचे पहिले अध्यक्ष. विधेयकाच्या उद्देशपत्रात कारण स्पष्ट लिहिलं होतं: अपात्र माणसं स्वतःला आर्किटेक्ट म्हणवून असुरक्षित इमारती बांधत आहेत. काळजी इमारतींची होती, पण कायद्याने कुंपण घातलं ते नावाला. पदवी नसली तरी आधीची पाच वर्षं व्यवसाय केलेल्यांनाही पहिल्या नोंदवहीत जागा मिळाली. तेव्हा ते न्याय्यच होतं, कारण शिकवणाऱ्या संस्था मोजक्या होत्या. कुंपण नावाला आहे, हाच अर्थ मार्च २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही लावला: ३७वं कलम बिरुद वापरायला मनाई करतं, वास्तुकलेचं काम करायला नाही.

म्हणजे नूतनीकरण होतं ते बिरुदाचं. मग शुल्काची पावती पुरेशी ठरते, यात नवल नाही.

ज्या ब्रिटनकडून ही पद्धत आली, त्याने मात्र ती बदलली. जून २०१७ मध्ये लंडनचा ग्रेनफेल टॉवर पेटला, ७२ माणसं गेली. २०२२च्या इमारत सुरक्षा कायद्याने नोंदणी मंडळाला आर्किटेक्टची सक्षमता तपासत राहण्याचा अधिकार दिला आणि २०२४पासून तिथे सतत शिकत राहणं सक्तीचं झालं. इलिनॉय राज्याने १८९७ साली अमेरिकेतला पहिला परवाना कायदा केला. तिथेही आज नूतनीकरणाला अभ्यासाचे तास दाखवावे लागतात.

आपल्याकडे आगीचे नियम, भूकंपाची मानकं, बांधकामाचं साहित्य, सगळंच १९७२नंतर बदललं आहे. तरुण आर्किटेक्टनीच आता २७व्या कलमात दुरुस्ती मागावी: शुल्काबरोबर अभ्यासाचा पुरावाही घ्या. दुसरी आग लागण्याची वाट पाहू नये.