अँडरसनव्हिल बंदिछावणी
अमेरिकन यादवी युद्धात (१८६१–६५) दक्षिणेच्या राज्यसंघाने उत्तरेच्या युद्धकैद्यांसाठी जॉर्जिया राज्यात उभारलेली छावणी. अधिकृत नाव ‘कॅम्प समटर’. १८६२ च्या करारानुसार दोन्ही पक्ष कैद्यांची अदलाबदल करीत; पकडलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांना युद्धकैदी मानण्यास दक्षिणेने नकार दिल्यावर १८६३ मध्ये ती व्यवस्था मोडली (पहा : युद्धकैदी). छावणी फेब्रुवारी १८६४ मध्ये सुरू झाली. सुमारे १०,००० जणांसाठी आखलेल्या लाकडी कुंपणात ऑगस्टपर्यंत ३२,००० हून अधिक कैदी कोंडले गेले. बराकी नव्हत्या, कैदी फाटक्या कापडांचे आडोसे करून किंवा जमिनीत खड्डे खणून राहत. पिण्याचे पाणी व मलविसर्जन यांसाठी ओढा एकच होता. कुंपणाआतील ‘मृत्युरेषा’ ओलांडणाऱ्यावर पहारेकरी गोळी झाडत. अतिसार, आमांश व स्कर्व्ही (पहा : क जीवनसत्त्व) यांमुळे एकूण सुमारे ४५,००० पैकी जवळजवळ १३,००० कैदी मरण पावले. उत्तरेच्या एल्मायरा छावणीतही सुमारे १२,००० पैकी जवळजवळ ३,००० दगावले. हेळसांड एकाच पक्षाची नव्हती.

तुरुंगाधिकारी हेन्री वर्झ याला लष्करी आयोगाच्या निकालानुसार १० नोव्हेंबर १८६५ रोजी फाशी देण्यात आली. डॉरेन्स ॲटवॉटर या कैद्याने गुप्तपणे उतरवून ठेवलेल्या मृतांच्या यादीमुळे बहुतेक थडग्यांवर नावे लावता आली (पहा : बार्टन, क्लारा).