तुटक रेषेचे रस्ते

फ्रान्समध्ये बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांमधून क्लूनी ते जिव्री असा 44 किलोमीटरचा रस्ता आहे. त्यावर मोटार येत नाही. 1997 साली तो सायकलींसाठी खुला झाला आणि देशातला पहिला ‘हरितमार्ग’ म्हणून त्याचं नाव झालं. तिकडे जाड टायरची सायकल चालवून आलेली आपली मंडळी हळहळतात, की त्यांनी असे रस्ते बांधले आणि आपण नाही बांधले. ही हळहळ चुकीच्या जागी आहे. क्लूनीचा रस्ता सायकलसाठी कुणी बांधलेलाच नव्हता. तो बंद पडलेल्या रेल्वेचा मोडीत निघालेला मार्ग आहे. तसंच तिथल्या कालव्यांच्या काठच्या वाटा बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी होत्या. बोटींना इंजिन आलं आणि वाटा रिकाम्या झाल्या. बिनमोटारीचा रस्ता बांधला जात नाही, तो मागे उरतो. मागे उरलेल्या रस्त्यांच्या बाबतीत ठाणे-कल्याणचा मुलूख फ्रान्सपेक्षा गरीब नव्हता. फरक पडला तो उरल्यानंतर.

कल्याणचंच घ्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक खलाशी-पुस्तकात त्याचं नाव बंदर म्हणून येतं. या बंदराचा माल मुरबाडवरून वैशाखऱ्याला आणि तिथून नाणेघाट चढून जुन्नरला जाई. घाटमाथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे आणि बाहेर तो प्रसिद्ध दगडी रांजण, जकातीची नाणी टाकण्याचा म्हणून सांगतात तो. वंजाऱ्यांचे तांडे अशा घाटांनी मीठ वर नेत आणि धान्य खाली आणत. हा व्यवहार कुणा शत्रूने नाही, चाकाने मोडला. 10 नोव्हेंबर 1830 रोजी गव्हर्नर माल्कम यांनी बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. 1 मे 1854 रोजी आगगाडी कल्याणला पोचली आणि 1863 मध्ये बोरघाटही चढून गेली. नाणेघाट ओस पडला. आज तो टिकून आहे, कारण त्याचा दुसरा काही उपयोग कुणाला सुचला नाही. पण त्याच्या पायऱ्या बैलाच्या खुराला मानवणाऱ्या आहेत, चाकाला नाहीत. तिथे सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तेव्हा ‘आपल्याकडे दोन हजार वर्षांचे घाट आहेत’ हा अभिमान या विषयात फारसा कामाचा नाही. शोधायच्या आहेत त्या पाऊलवाटा नव्हेत, गाडीवाटा.

आणि त्या शोधायला जंगलात जावं लागत नाही, कागद पाहावा लागतो. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी 1830 च्या दशकात इंदापुरात सुरू केलेली जमीनमोजणी पुढच्या दशकांत कोकणात उतरली आणि गावोगावचे नकाशे तयार झाले. त्या नकाशात पायमार्ग एका तुटक रेषेने दाखवतात, रुंदी सव्वाआठ फूट. गाडीमार्ग दोन तुटक रेषांनी, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. एका रेषेची वाट माणसाची आणि दोन रेषांची बैलगाडीची, हे नकाशा हातात धरताच कळतं. शिवरस्ता, पाणंद, वहिवाटीचा रस्ता अशी नावं गावागणिक बदलतील, पण फ्रेंच खेड्यांतल्या ज्या कच्च्या वाटांवर सायकलस्वार जातात त्यांचे हे सख्खे भाऊ. दोन्हीकडे जुनी मातीमुरमाची वाट आणि दोन्हीकडे सरकारी नोंद. मात्र तिकडच्या कायद्याने ती वाट गावाच्या मालकीची ठरवली. लोकांचा वापर खरोखर थांबल्याशिवाय आणि जाहीर चौकशी झाल्याशिवाय गावालाही ती विकता येत नाही. आपल्याकडे 1906 चा मामलतदार न्यायालय कायदा आहे. अडवलेली वाट तहसीलदार मोकळी करून देतो. पण अर्ज सहा महिन्यांत करायचा आणि तो करणार शेतात जायची वाट अडलेला शेतकरी. कायदा चांगला आहे, फक्त तो शेतीला बांधलेला आहे. कल्याण-डोंबिवलीच्या परिसरात शेताचा बिगरशेती (एनए) प्लॉट झाला, की वाट अडली म्हणणारा माणूसच उरत नाही. गुन्हा कुणावरच नोंदवता येत नाही. फिर्यादी नाहीसा होतो आणि त्याच्या मागोमाग वाट.

यावर कुणी म्हणेल, मालक भक्कम असला म्हणजे झालं. तेवढ्याने होत नाही, आणि याचा पुरावा इथेच जमिनीवर पडलेला आहे. शहापूर तालुक्यातल्या तानसा धरणाचं पाणी 1892 पासून मुंबईला जातं. नळ अवाढव्य, त्यांच्या देखभालीसाठी कडेने रस्ता, आणि त्याची राखण मुंबई महापालिकेची. बारवी धरणाचं पाणी एमआयडीसीचं, त्याच्याही नळाच्या कडेने रस्ता. काटई नाक्यावरून नेवाळीमार्गे बदलापूरला जाणारा. दोन्हींना लोक ‘पाईपलाईन रोड’ म्हणतात, दोन्हींचे धनी सरकारी आणि ताकदवान. पण काटई-बदलापूर रस्ता वाहतुकीला मोकळा झाला आणि आज तिथे रिक्षा, टँकर, ट्रक यांतून सायकल काढणं म्हणजे जिवावरचा खेळ. उलट मुंबईत उच्च न्यायालयाच्या आदेशावरून तानसाच्या नळांलगतच्या दहा मीटर पट्ट्यातली बांधकामं हटली, आणि त्या मोकळ्या पट्ट्यात मुलुंडपासून 39 किलोमीटर सायकलमार्गाची योजना महापालिकेने आखली. पाण्याच्या नळांच्या धास्तीने जे झालं ते सायकलप्रेमाने झालं नसतं. म्हणजे निर्णायक असते ती मालकी नव्हे, मोटार अडवायला रस्त्यात घातलेला आडवा दांडा. माणूस वाकून जाईल, सायकल तिरपी करून निघेल, चारचाकी अडेल, एवढीच त्याची करामत. फ्रान्समध्ये कालव्याच्या काठीही तेच आहे: परवान्याशिवाय मोटारीला बंदी.

याहून गंभीर आक्षेप वेगळा आहे. पाड्यावरच्या बाळंतिणीला झोळीतून नेण्याची पाळी येत असताना कच्च्या रस्त्याचं कौतुक करायचं कसं? सरकारी भाषेत ‘खडीकरण व डांबरीकरण’ हे दोन शब्द एका दमात येतात. खडी ही डांबराची नुसती पायरी. मुरबाड-शहापूरच्या पाड्यांसाठी हा क्रम बरोबर आहे आणि तिथे सायकलस्वाराच्या हौसेला काही किंमत असू नये. माथेरानचा दाखला तर अधिक बोचरा. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी 1850 मध्ये हे ठिकाण साहेबांच्या हवापालटासाठी हेरलं. तिथल्या तांबड्या मातीच्या रस्त्यांवर मोटार नाही, पण त्या शांततेची किंमत हातरिक्षा ओढणाऱ्यांच्या पाठीने मोजली. माणसाने माणूस ओढण्याची ती प्रथा सहा महिन्यांत बंद करा, असं सर्वोच्च न्यायालयाला 2025 मध्ये सांगावं लागलं. तेव्हा मोटारबंदी आपोआप न्याय्य होत नाही. पण या आक्षेपाने सिद्ध होतं ते एवढंच, की वस्तीला जाणारा एकमेव रस्ता पक्का हवा. ज्या दोन गावांमध्ये डांबरी सडक आधीच झाली आहे, त्यांच्यामधली जुनी गाडीवाटही सडक करा किंवा इमारतीच्या पोटात घाला, असं त्यातून निघत नाही. ती वाट आजही शाळेला पायी जाणाऱ्या मुलांची आणि गुरं हाकणाऱ्याची आहे. रविवारी सायकली घेऊन येणारे शहरी लोक तिथे पाहुणे. त्यांनी उपकाराच्या नव्हे, पाहुण्याच्या रीतीने वागावं.

2015 मध्ये 27 गावं कल्याण-डोंबिवली महापालिकेत आली. त्यातली किती महापालिकेत राहतील आणि किती वेगळी होतील यावर भरपूर भांडण झालं. त्यांच्या गाडीवाटांचं काय होणार, हे कुणी विचारलं नाही. गावाच्या नकाशाची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात अर्ज केला की मिळते. पुढचा लेआउट मंजूर होण्याआधी आपल्या गावाची काढून घ्या, आणि दुहेरी तुटक रेषा कुठून कुठे जाते ते पायी जाऊन पाहा.