कौलांचा हिशोब

आपल्या शाळेची जुनी बैठी इमारत आठवते ना? लांबलचक सभागृह, दोन्ही बाजूंना उतरणारी मंगलोरी कौलांची पाखे, आणि जून लागला की वळचणीखाली पागोळ्यांची रांग. त्या जागी आज चार मजली इमारत उभी आहे. स्मरणिकेसाठी लिहायला सांगितले तेव्हा ठरवले, त्या छपरावरच लिहायचे. त्याला दोन कारणे आहेत. मुलुंडचा बराच इतिहास कौलांखाली घडला, हे एक. दुसरे कारण म्हणजे एक कबुली आहे, ती शेवटी देतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली, ती मुलुंडच्या शिवारातूनच. पुढे कित्येक वर्षे इथे शेते, पूर्वेला मिठागरे आणि पश्चिमेला येऊरचा डोंगर एवढेच होते. गावातली घरे पेंढ्याने किंवा कुंभारी कौलांनी शाकारलेली असत. कुंभार चाकावर मातीची नळी काढी आणि ती उभी चिरून तिची दोन कौले करी. ही कौले एकमेकांवर नुसती टेकलेली असत. कावळे, उंदीर, वारा यांपैकी कोणीही ती सरकवी, म्हणून दरवर्षी मृगाआधी ती चाळून घ्यावी लागत.

आखीव मुलुंड त्यानंतरचे. १९२२ साली झवेरभाई रामजी शेठ यांनी क्राऊन आणि कार्टर या वास्तुविशारदांकडून स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंतचा भाग काटकोनी रस्त्यांनी आखून घेतला. मुंबईच्या उपनगरांत अशी आखणी तेव्हा अपूर्वाईची होती. या रस्त्यांच्या कडेने हळूहळू बंगल्या आणि बैठ्या चाळी उभ्या राहिल्या आणि त्यांच्यावर मंगलोरी कौले चढली. मुंबई महापालिकेची हद्द १९५७ मध्ये मुलुंडपर्यंत आली. तोवर आपण ठाण्याच्याच अंगणात होतो.

या कौलाचे मूळ घराणे मंगळूरचेही नव्हे. फ्रान्सच्या अल्सास प्रांतातल्या गिलार्डोनी बंधूंनी १८४१ मध्ये एकमेकांत खाचेने अडकणाऱ्या कौलाचे पेटंट घेतले. जर्मन मिशनरी गेऑर्ग प्लेब्स्ट यांनी १८६५ साली मंगळुरात बासेल मिशनचा कौलांचा कारखाना काढला. नेत्रावती आणि गुरुपूर नद्यांच्या काठची चिकणमाती त्याला मानवली. तयार कौले गलबतांतून किनाऱ्याकिनाऱ्याने मुंबईला येऊ लागली. पहिल्या महायुद्धानंतर मिशनचे हे कारखाने कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले. या कौलांच्या पाठीवर पुष्कळदा '१८६५' हा आकडा दिसतो. आमच्यापैकी एकाने तसे एक कौल जपून ठेवले आहे आणि 'दीडशे वर्षांपूर्वीचे' म्हणून तो ते दाखवतो. त्याचा हिरमोड करायचा नाही, पण ते साल कारखाना स्थापन झाल्याचे आहे, कौल भाजल्याचे नव्हे.

आता छपराच्या उताराकडे वळू. मुंबईच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. उतार कमी असेल तर पाणी रेंगाळते, वारा ते खाचांतून उलटे आत ढकलते आणि घर गळते. म्हणून आपल्याकडची छपरे उभट. पण छप्पर जितके उभट, तितका जमिनीचा आणि छपराचा हिशोब वेगळा होत जातो. माझी चूक नेमकी इथेच झाली.

आम्ही नववीत होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत सभागृहाची जुनी कौले उतरवून नवी घालायची ठरली. गणिताच्या सरांनी मला आणि आणखी एकाला टेप दिली आणि म्हणाले, "मापे घ्या, कौले किती लागतील ते काढा. गावाहून आल्यावर तपासतो." सभागृह ६० फूट लांब, २४ फूट रुंद. चारी बाजूंना छप्पर दोन-दोन फूट पुढे आलेले, म्हणजे ६४ बाय २८. गुणाकार झाला १,७९२ चौरस फूट. शंभर चौरस फुटांना, म्हणजे एका ब्रासला, १४० कौले. फुटतुटीसाठी शेकडा पाच जास्त धरली. मी ऐटीत, वळणदार अक्षरात कागदावर लिहिले : २,६५० कौले. पुढे येणाऱ्या वळचणीचे दोन फूट धरायला विसरलो नाही, याचाच केवढा अभिमान वाटला होता! सर परतण्याआधीच तो कागद कचेरीतून वखारीत गेला.

सर आले, तेव्हा मिस्त्री छपरावर होता आणि पश्चिमेच्या पाख्याचा बराचसा भाग उघडा होता. कौले संपली होती. सरांनी फळ्यावर एक काटकोन त्रिकोण काढला. छपराची अर्धी रुंदी १४ फूट. वळचणीपासून आढ्याची उंची साडेदहा फूट. मग वाशाची लांबी किती? १४ चा वर्ग १९६, साडेदहाचा ११०.२५, बेरीज ३०६.२५, वर्गमूळ साडेसतरा. तीन-चार-पाचचाच तो त्रिकोण, फक्त साडेतीन पटीने मोठा. पायथागोरसाचा हा सिद्धान्त आम्हाला पाठ होता. बौधायनाच्या शुल्बसूत्रात तो यज्ञवेदीच्या मापांसाठी येतो, हेही सरांनीच सांगितलेले. तो डोक्यावरच्या छपरात असतो, हे मात्र तोवर डोक्यात शिरले नव्हते.

एका पाख्याचे क्षेत्रफळ साडेसतरा गुणिले ६४, दोन पाख्यांचे २,२४० चौरस फूट. म्हणजे जमिनीवर दिसते त्याच्या सव्वापट. कौले लागणार ३,१३६, शिवाय फुटतुटीची. मी जवळजवळ साडेसहाशे कौले कमी लिहिली होती.

तेवढ्यात मिस्त्री खाली आला. फळ्याकडे बघून तो म्हणाला, "सर, तुमच्या आकड्यानंसुद्धा साठ कमी पडतील." त्याची रीत निराळी होती. रिपा साडेबारा-साडेबारा इंचांवर. साडेसतरा फुटांच्या उतारावर भागाकार १६.८ येतो, पण कौलांच्या ओळी १७ घालाव्या लागतात. एक कौल रुंदीत सव्वाआठ इंच झाकते, म्हणून ६४ फुटांच्या ओळीत ९४ कौले. सतरा गुणिले ९४ गुणिले दोन : ३,१९६. "अपूर्णांक कागदावर असतो, छपरावर अख्खं कौल लागतं," असे तो म्हणाला. सरांनी हसून आपला आकडा पुसला आणि त्याचा लिहिला. आमच्या देखत एका शिक्षकाने मिस्त्रीकडून दुरुस्ती घेतली, हाही त्या दिवशीचा एक धडा होता.

मग सरांनी आम्हाला एक प्रश्न टाकला : हेच छप्पर दोपाखी न करता त्याच उताराचे चौपाखी केले तर कौले वाढतील की कमी होतील? आम्ही वाद घातला. उत्तर असे की क्षेत्रफळ तेवढेच राहते, कारण उतार सगळीकडे सारखा असेल तर प्रत्येक भाग आपल्या सावलीच्या सव्वापटच असतो. फरक पडतो तो आढ्याच्या कौलांत. दोपाखीला आढे ६४ फूट. चौपाखीला आढे ३६ फूट आणि चार कोनवासे मिळून सुमारे ९० फूट, एकूण १२६ च्या आसपास. वर कोनवाशांवर कौले कापण्याची नासाडी वेगळी. आणि वजन? कौलामागे अडीच किलो धरले तरी वाशांवर आठ टन भार येतो. भिजल्यावर त्याहून जास्त.

उरलेली कौले यायला काही दिवस गेले. त्याआधीच वळवाचा एक जोरदार पाऊस रात्री कोसळला. उघड्या पाख्यावर ताडपत्री होती, ती उडाली. त्याखालच्या लाकडी कपाटात शाळेचे सुरुवातीच्या वर्षांचे हजेरीपट होते. शाईची अक्षरे एकमेकांत मिसळली. आम्ही ती पाने सभागृहात दोऱ्यांवर वाळत घातली, पण नावे परत आली नाहीत.

या स्मरणिकेच्या शेवटी माजी विद्यार्थ्यांची यादी आहे. तिच्यातल्या पहिल्या तुकड्यांपुढे 'आठवणीतून संकलित' असे लिहिलेले दिसेल. त्याचे कारण मी आहे. सरांनी हे कोणालाच सांगितले नाही. मला एवढेच म्हणाले, "आकडा चुकला तर चालतं, तपासायचा राहिला तर चालत नाही. तो कागद मी तपासायला हवा होता." चूक माझी होती, ती त्यांनी स्वतःकडे घेतली. पुढे आयुष्यभर बांधकामाची अंदाजपत्रके करण्यात पोट भरले. एकही कागद दुसऱ्याने तपासल्याशिवाय हातातून सोडला नाही.

१९९१ च्या नियमावलीनंतर हस्तांतरणीय विकास हक्क आले आणि मुलुंडचे बंगले, चाळी भराभर उंच झाल्या. कौले गेली, पागोळ्याही गेल्या. जुन्या तुकड्यांतल्या ज्यांची नावे यादीत नाहीत, किंवा ज्यांना अशी नावे ठाऊक आहेत, त्यांनी ती मेळाव्याच्या दिवशी टेबलावरच्या वहीत लिहावीत, ही विनंती. वही मीच घेऊन बसणार आहे. यादी पुन्हा छापण्याआधी ती दोघांकडून तपासून घेईन.